दार दिसणारी खुर्ची

“अगं, तिथं नको बसूस. ती माझी खुर्ची,” वर्लन म्हणाला.

“तुझं नाव कोरलंय का तिच्यावर?”

“तिथनं दार दिसतं, ट्वायला. ऊठ.”

उठले. तीन वर्षं मी या हॉटेलात भिंतीकडे तोंड करून जेवते. भिंतीवर बदकांचं एक कॅलेंडर आहे. मालकीणबाई कँडेसला ते बदलायचं सुचत नाही, त्यामुळे माझ्यापुरता इथं कायम मागच्या वर्षीचा मार्चच चालू असतो.

दार कशाला दिसायला हवं? तर कुणी वाईट माणूस आत शिरला म्हणजे! शनिवारी सकाळी नऊ वाजता आमच्या गावात कोण शिरणार? पाद्रीबुवा, नाहीतर कोंबड्यांचं खाद्य विकणारा. पण वर्लनच्या उजव्या कमरेला पिस्तूल असतं, जगाला दिसेल असं उघडं, आणि पिस्तूलवाला माणूस दाराकडे पाठ करून बसत नाही म्हणे. आमच्या ओक्लाहोमात त्याला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी करणारी घरात एकटीच, आणि तिला विचारतो कोण!

एकतीस वर्षं त्यानं खेड्यापाड्यांतून टपाल वाटलं. टपालाच्या नोकरीत हत्यार चालत नसे, आणि त्याला कधी हवंही नव्हतं. चारदा कुत्रं चावलं. एकदा एका म्हाताऱ्यानं चोर समजून बंदूक रोखली, तर घरी येऊन हसत हसत नक्कल करून दाखवली. मग रिटायर झाला. एक दिवस पेट्रोल पंपावरच्या दुकानात दूध आणायला गेला, आणि तोंडाला फडकी बांधलेल्या दोघांनी दुकानातल्या सगळ्यांना पालथं झोपवलं. कुणाला ओरखडाही आला नाही. पण वर्लन घरी आला तेव्हा गालाला फरशीवरचा चिखल होता आणि पँट ओली होती. मी ती धुऊन वाळत घातली. त्याबद्दल आम्ही आजतागायत एक शब्द बोललेलो नाही. पुढच्या आठवड्यात पिस्तूल आलं. आता सांगा, ते काढून ठेव असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

चर्चमधली बर्निस म्हणते, “माझा नवरा पिस्तुलाशिवाय बाहेर पडला ना, तर मलाच नागडं वाटतं, बाई.” वाटत असेल. मला मात्र लोकांचे डोळे दिसतात. आधी त्याची कंबर बघतात, मग त्याचं तोंड, मग माझं. मी आपली दात काढते आणि त्याच्या डाव्या बाजूनं चालते.

पूर्वी मला लोकांची भीती वाटायची, कुणी याच्याशी वाकडं वागेल म्हणून. या हिवाळ्यापासून मला वर्लनचीच भीती वाटायला लागली. चारशे बारा टपालपेट्यांची नावं ओळीनं म्हणून दाखवणारा माणूस, फेब्रुवारीत मला विचारतो, बर्निसच्या घराकडे कुठून वळायचं? गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली. ते एक वेळ चालेल. पण एका सकाळी मी ओट्याशी पाठमोरी उभी होते, आणि मागून आवाज आला, “कोण आहे तिथं?” वळून बघते तर त्याचा हात कमरेवर.

“मी आहे, दुसरी कोण असणार?” म्हटलं, आणि अंडी फोडत राहिले. निम्मी टरफलं तव्यात पडली.

आज बोलायचंच असं ठरवून आले होते. चारचौघांत तो आवाज चढवत नाही.

“वर्लन, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“आधी जाऊन येतो. तुझं बोलणं सुरू झालं की लवकर संपत नाही.”

बाथरूम एकच आहे, बाया-बाप्ये सगळ्यांना. मी मनात वाक्यं जुळवत बसले. तो परत आला, खुर्ची ओढली, नॅपकिन मांडीवर पसरला.

“हं, बोल.”

मी बोलणार काय, कप्पाळ! त्याच्या कमरेचं पिस्तूल अडकवायचं होल्स्टर रिकामं होतं.

मला लगेच कळलं. पँट सोडली की पिस्तुलाच्या वजनानं पट्टा ओढला जातो, म्हणून तो ते काढून फ्लशच्या टाकीवर ठेवतो. हे त्यानंच मला मोठ्या शहाणपणानं सांगितलं होतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर आवाज झाला, “मम्मा, शू आली.” गुलाबी बूट घातलेली, पाचेक वर्षांची मुलगी.

“जा की. ते बघ दार. मोठी झालीस ना आता?”

ती खुर्चीवरून उतरली आणि उड्या मारत निघाली.

माझे गुडघे दोन्ही कामातून गेलेत. तरी कशी धावले देव जाणे. टेबलाचा कोपरा मांडीला लागला, कुणाची तरी कॉफी सांडली. मुलीचा हात कडीवर पडला तेव्हा मी तिला खांद्याला धरून बाजूला सारलं, आत शिरले आणि कडी लावली.

“मी आधी होते!” बाहेरून किंचाळी आली.

ते टाकीवरच होतं, टॉयलेट पेपरच्या गुंडाळीशेजारी. काळं, छोटंसं. त्या मुलीचा हात सहज पोचला असता. तीन वर्षांत मी त्याला बोट लावलं नव्हतं. त्यातली गोळी कशी काढतात तेही मला ठाऊक नव्हतं. वाटलं, माझ्याच हातून उडेल. कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन तापलेल्या तव्याचा कान धरावा तसं उचललं, चाप कुठे आहे ते बघून बोटं लांब ठेवली, आणि पिशवीत स्वेटरखाली सारलं. मग कमोडचं झाकण पाडलं. मी तिथंच टेकले.

दार धडाधड वाजत होतं. “आजी, झालं का? मला जोरात लागलीय!”

“झालं गं बाळा. ये.”

बाहेर आले तर मुलीची आई मला ऐकू जाईल असं म्हणाली, “काय एकेक बायका असतात! लहान पोरीला ढकलतात.”

“चुकलंच माझं,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

पिशवी मांडीवर घेऊन बसले. वर्लन आरामात खात होता.

“एवढा वेळ? पॅनकेक गार झाले तुझे.”

“वर्लन,” मी हळूच म्हटलं, “कमरेला हात लाव.”

त्याचा हात गेला आणि तिथंच राहिला. त्यानं बाथरूमकडे पाहिलं. ती मुलगी ओले हात फ्रॉकला पुसत बाहेर येत होती.

“माझ्याकडे आहे,” मी म्हणाले.

“ती... आत गेली होती?”

“माझ्यानंतर.”

त्यानं काटा खाली ठेवला. बराच वेळ तो त्या मुलीच्या बुटांकडे बघत होता.

“तुला कधीपासून माहितीये?” त्यानं विचारलं. तो पिस्तुलाचं म्हणत नाहीये, हे दोघांनाही कळत होतं.

“फेब्रुवारीपासून.”

“मला नाताळपासून.”

“आणि तरी बांधत होतास? अरे, मी रोज जीव मुठीत धरून—”

“ते काढलं की मी परत त्या फरशीवर, ट्वायला.” त्याचा आवाज फाटला. “एवढंच माझ्याकडे होतं.”

मी त्याचा हात धरला. तो गार पडला होता. त्यानं सोडवून घेतला नाही.

“बर्निसच्या नवऱ्याला देऊन टाक,” तो म्हणाला. “जुनं झालं म्हणून काढतोय, असं सांग.”

“तसंच सांगेन.”

मग तो उठला. मी घाबरलेच, निघाला की काय. पण तो टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला.

“ऊठ. तिकडे बस तू.”

“का?”

“दाराकडे कुणीतरी बघायला हवं.”

आम्ही जागा बदलल्या, बशा होत्या तिथंच राहिल्या. तीन वर्षांनी मला दार दिसलं. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, आणि पाद्रीबुवा गाडी लावत होते.

वर्लन भिंतीकडे बघत होता.

“मार्च चालू आहे ना गं?”

“मे, वर्लन. कँडेसनं कॅलेंडर बदललेलं नाही.”

“हां. बरं,” तो म्हणाला, आणि खाली मान घालून माझे गार झालेले पॅनकेक खाऊ लागला. मी पिशवी दोन्ही हातांनी धरून दाराकडे बघत बसले.