क्लिफर्डच्या नावापुढची खूण

मेक्सिकोतल्या तळ्याकाठच्या आहीहीक गावात एकटे राहणारे बावीस म्हातारे परदेशी रहिवाशांच्या क्लबच्या यादीत होते. त्यांना रोज सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान एक फोन जायचा. त्यातले अकरा फोन व्हर्ना हॅल्व्हरसन करायची. चार वर्षांपूर्वी टेक्सासची एक बाई आठवडाभर घरात मरून पडली होती आणि कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. फोन उचलला की वहीत नावापुढे खूण करायची. नाही उचलला तर दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा, तरीही नाही उचलला तर किल्ली घेऊन कुणाला तरी धाडायचं. व्हर्नाने चौतीस वर्षं कॅनडात, सस्कॅचवानच्या एका इस्पितळात नर्स म्हणून काढली होती. वही कशी ठेवायची हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

यादीतलं सातवं नाव क्लिफर्ड ऑसगूड. वय अठ्ठ्याहत्तर. अमेरिकेत, ओहायोतल्या एका शाळेत त्याने मुलांना सुतारकाम शिकवलं होतं, आणि बायको गेल्यावर दोन पेट्या घेऊन तळ्याकाठी राहायला आला होता. त्याच्याशी बोलणं नेहमी लांबायचं. त्याच्या लिंबाच्या झाडाला कीड लागली, तिचा गुडघा दुखतोय, मासळीवाल्याने काल तळ्यातले शिळे चराले मासे गळ्यात मारले, असं काहीबाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ग्वादालाहारा शहरात जायचं तर दोघं एकाच गाडीतून जायचे. त्याला डेंग्यू झाला तेव्हा तिने नऊ दिवस त्याला सूप भरवलं होतं.

त्या हिवाळ्यात मायदेशीच्या बातम्या बिघडल्या. वॉशिंग्टनहून जकातीच्या धमक्या येऊ लागल्या, कॅनडा गिळून टाकण्याच्या गोष्टी होऊ लागल्या. इथे एकाच जेवणाच्या टेबलाभोवती बसणारी माणसं पहिल्यांदाच एकमेकांचे पासपोर्ट आठवू लागली. एका गुरुवारी क्लबच्या बागेत जेवण चाललं होतं, तेव्हा क्लिफर्ड मिरचीचा रस्सा वाढून घेत म्हणाला, "व्हर्ना, आता तुझी पेन्शन आमच्याकडूनच यायची. अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य ना तुम्ही."

चार-सहा जण हसले.

"माझ्या पुतण्याला परवा कारखान्यातून घरी बसवलं," व्हर्ना म्हणाली. "दोन लहान मुली आहेत त्याला. हस की अजून."

"अगं, मी काय केलंय त्यात? मी तर या खेपेला मतसुद्धा दिलं नाही."

"तेच म्हणतेय मी."

ती ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. पुढच्या गुरुवारी कॅनडावाल्यांनी वाचनालयाच्या भिंतीलगत आपलं वेगळं टेबल मांडलं, आणि आल्बर्टाच्या ब्रूसने त्यावर पेल्यात खोचून कॅनडाचा छोटा झेंडा उभा केला. व्हर्नाला तो झेंडा आवडला नाही. पण ती तिथेच बसली.

क्लिफर्डला फोन चालूच होते, फक्त बोलणं आटलं.

"आहेस?"

"आहे."

खूण. पुढचं नाव.

असे तीन आठवडे गेले. मग एका मंगळवारी त्याने फोन उचलताच म्हटलं, "या, शेजारच्या राज्याच्या राणीसाहेब." आवाजावरून कळत होतं की तो समेट करायला बघतोय. त्याला समेट करण्याची दुसरी रीत माहीतच नव्हती. व्हर्नाने फोन ठेवून दिला.

बुधवारी तिने सहा फोन केले. सातव्या नावाशी बोट अडलं. बुधवारचा बाजार असतो, गेला असेल टोमॅटो चिवडत, असं तिने मनाशी म्हटलं, फोन न लावताच खूण केली आणि आठव्या नावाकडे वळली. गुरुवारी तेच केलं, आणि या वेळी बोट अडलंही नाही.

शुक्रवारी सव्वाआठला तिचाच फोन वाजला. गावातली चायो बोलत होती. क्लिफर्डकडे ती मंगळवारी आणि शुक्रवारी साफसफाईला यायची.

"सेन्योरा, लवकर या. सेन्योर जमिनीवर पडलेत. जिवंत आहेत, पण या."

व्हर्ना दुखऱ्या गुडघ्याने दगडी रस्त्यावरून धावली. न्हाणीघराच्या फरशीवर क्लिफर्ड उताणा पडला होता. चायोने त्याच्या अंगावर चादर टाकली होती. व्हर्नाने चादर बाजूला केली आणि पायाकडे पाहताक्षणी तिला कळलं. एक पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेर वळलं होतं. खुबा मोडला होता. ओठ फुटून काळे पडले होते. हाताशी ओला टॉवेल होता. नळ थेंबथेंब गळत होता, त्याखाली टॉवेल धरून तो पिळून त्याने तोंड ओलं केलं होतं. म्हणून वाचला होता.

त्याने डोळे उघडले. तिला ओळखायला त्याला जरा वेळ लागला.

"तू बरी आहेस ना?" त्याने विचारलं.

तो भ्रमात बोलतोय असं तिला वाटलं. "मी बरी आहे. बोलू नकोस."

रुग्णवाहिका आली तेव्हा दारात शेजारचा चेमा टोपी हातात धरून उभा होता. त्याची भिंत आणि क्लिफर्डच्या न्हाणीघराची भिंत एकच. "ठोकल्याचा आवाज येत होता, सेन्योरा," तो म्हणाला. "बुधवारी बराच वेळ. मला वाटलं, नळाचं काही काम काढलंय."

"मग दार का नाही वाजवलंत?"

चेमाने फाटकाकडे पाहिलं. वर कॅमेरा होता. "चार वर्षांत हे दार माझ्यासाठी कधी उघडलेलं नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

ग्वादालाहारात शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली. पण गावात वेगळंच काही सुरू झालं. क्लबची अध्यक्ष लोरेन ॲरिझोनाची होती, वागायला पद्धतशीर बाई. तिने वही मागवून घेतली आणि पाहिलं, तर बुधवारी खूण, गुरुवारीही खूण.

"म्हणजे दोन्ही दिवस त्याने फोन घेतला," लोरेन म्हणाली. "आणि तो सांगतोय की बुधवारी सकाळी सातला पडलो. काहीतरी घोळ आहे, व्हर्ना. कसा वाटला तो फोनवर? असंबद्ध बोलत होता का?"

व्हर्नाने तेव्हा बोलायला हवं होतं. क्लबच्या बागेत, वाचनालयातल्या दमट झालेल्या, उन्हात वाळत घातलेल्या पुस्तकांच्या शेजारी, दोघीच होत्या. "नेहमीसारखाच," ती म्हणाली. तोंडातून शब्द बाहेर पडले आणि मग ते परत घेता येईनात.

दोन दिवसांत ते गावभर झालं. क्लिफर्डला म्हणे काळवेळ कळेनासं झालंय. बाजारात एक बाई म्हणाली, गेल्या महिन्यात त्याने मला दोनदा तीच गोष्ट सांगितली. दुसरी म्हणाली, गाडी पण वेडीवाकडी लावतो हल्ली. खरं तर तो पहिल्यापासूनच तशी लावायचा. मग ओहायोहून त्याची मुलगी जानीन आली. व्हर्ना भेटायला गेली तेव्हा ती इस्पितळाच्या व्हरांड्यात कागदांची फाईल मांडीवर घेऊन बसली होती.

"तुम्हीच ना फोन करायच्या? तुमचे आभार मानायचे होते," जानीन म्हणाली. "तुमच्या नोंदीमुळे निदान खरं काय ते कळलं. डॅड ऐकायलाच तयार नाहीत. बुधवारी पडलो, फोन आलाच नाही, हेच घोकत बसलेत. दोनदा बोलले तुमच्याशी आणि एकदाही आठवत नाही. डॉक्टरांनाही मी सांगितलंय. अशा माणसाला एकटं कसं ठेवणार? मी घेऊन चाललेय त्यांना."

व्हर्नाच्या हातात त्याच्यासाठी आणलेल्या पावाची पिशवी होती. ती तिने खुर्चीवर ठेवली.

"तू माझ्याबरोबर आत ये," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना एकदमच सांगायचंय."

क्लिफर्ड उशीला टेकून बसला होता. दाढी कुणीतरी अर्धवट केली होती. व्हर्ना पलंगाच्या पायाशी उभी राहिली. आयुष्यभर तिने अशाच जागी उभं राहून लोकांना वाईट बातम्या दिल्या होत्या.

"क्लिफ, मी तुला बुधवारी फोन केला नव्हता. गुरुवारी पण नाही. न करताच खूण केली."

पहिल्यांदा जानीनला कळलं. तिच्या हातातली फाईल घसरून खाली पडली, ती तिने उचलली नाही.

"का?" क्लिफर्डने विचारलं.

"रागात होते."

"त्या राज्याच्या चेष्टेवरून?"

"हो."

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर जांभळ्या फुलांनी भरलेलं जकरांदाचं झाड होतं आणि त्याखाली एक बाई गाडीवर कापलेली फळं विकत होती.

"साडेआठ झाले की मी कान देऊन पडायचो," तो म्हणाला. "फोन बाहेर टेबलावर होता. मला उचलता आला नसता, पण वाजला असता तर कळलं असतं की आता कुणीतरी येईल. वाजलाच नाही. तेव्हा मला वाटलं, व्हर्नालाच काहीतरी झालंय. ती पडलीय तिकडे आणि मी इकडे पडलोय. दोन दिवस मला तुझीच काळजी वाटत होती."

फरशीवरून त्याने तिला काय विचारलं होतं ते आता व्हर्नाला उमगलं.

"जा तू," क्लिफर्ड म्हणाला.

व्हरांड्यात जानीन तिच्या मागोमाग आली. ती ओरडेल असं व्हर्नाला वाटलं, पण ती हळूच बोलली. "म्हणजे त्यांची आठवण शाबूत आहे."

"पूर्ण. डॉक्टरांना मी लिहून देते. ते घोळ करत नाहीत. इथे राहू शकतात, कुणीतरी दिवसाचं बरोबर असलं तर."

"कुणीतरी म्हणजे कोण?" जानीन म्हणाली. "तुम्ही?"

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

व्हर्नाने दुसऱ्याच दिवशी समितीसमोर सगळं सांगितलं. लोरेन पेनाशी चाळा करत होती. "हे बाहेर न्यायची काय गरज आहे?" ती म्हणाली. "बाकीचे एकवीस जण या फोनवर भिस्त ठेवून झोपतात. गैरसमज झाला म्हणू. तू थोडे दिवस विश्रांती घे."

"गैरसमज नव्हता, लोरेन. लोक त्याला वेडा म्हणताहेत. ते थांबायला हवं."

"मग काय, गुरुवारी उभी राहून सांगणार आहेस?"

"हो."

आणि तिने सांगितलं. चमच्यांचे आवाज थांबले. ग्लॅडिस पिकरिंग, ब्याण्णव वर्षांची, जिला व्हर्ना रोज पहिला फोन करायची, काठी टेकत उठली आणि निघून गेली. त्याहून वाईट म्हणजे ब्रूस शेजारी येऊन बसला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "त्याला तोंड आवरता येत नव्हतं. थोडा धडा मिळाला, एवढंच."

"तो एकोणपन्नास तास फरशीवर पडला होता, ब्रूस. अंगाखाली लघवी होती. हात काढ."

त्याने हात काढला. ती तिथून उठली, आणि त्यानंतर कुठल्याच टेबलावर गेली नाही. वही लोरेनने दुसऱ्या कुणाला दिली. बाजारात समोरून येणारी माणसं एकाएकी टोमॅटो निवडायला लागायची. फक्त चायोने तिला रस्त्यात सरळ अडवलं.

"राग होता तर मला सांगायचं, सेन्योरा," चायो म्हणाली. "दोन गल्ल्यांवर राहते मी. माझ्याकडे किल्ली असते. मी गेले असते डोकवायला. तुमच्या त्या यादीत आम्हा गावकऱ्यांपैकी एकही नाव का नाही?"

चार वर्षांत व्हर्नाला हे सुचलंच नव्हतं, आणि बाकी कुणालाही नाही.

मार्चच्या अखेरीस जानीन बापाला न्यायला पुन्हा आली. घर रिकामं झालं होतं. व्हर्नाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. चायो आणि चेमा दोघांनी मिळून क्लिफर्डला चाकांच्या खुर्चीवरून गाडीत बसवलं. चेमाने त्याचा पाय जपून आत घेतला, आणि क्लिफर्डने त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. त्याने बोटाने तिला बोलावलं.

ती गाडीच्या खिडकीशी गेली. जानीन सामान मोजत मागे उभी होती.

"जानीनने खालच्या हॉलमध्ये पलंग टाकलाय माझ्यासाठी," तो म्हणाला. "टीव्हीसमोर. खिडकीतून गॅरेज दिसतं. मला तिथे मरायचं नव्हतं, व्हर्ना. इथे मरायचं होतं."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे म्हणूनच बोललो. माफ केलं म्हणून नाही. हे तिकडे कुणाला सांगितलं तर त्यांना वाटेल, म्हातारा बरळतोय."

काच वर गेली. गाडी दगडांवरून हेलकावत मोठ्या रस्त्याला लागली. चायोने फाटकाला कुलूप लावलं, किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली आणि चेमाशी काहीतरी बोलत निघून गेली. व्हर्ना तळ्याकडे चालत गेली, तिथल्या बाकावर बसली आणि ऊन तापल्यावर घरी आली.

रविवारी कॅनडातल्या रेजायनाहून तिच्या मुलाचा, कर्टिसचा, फोन आला. तो नेहमी घाईत असायचा.

"सगळं ठीक ना, मॉम?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "बस जरा. सांगते."

तिने त्या मिरचीच्या रश्शापासून सांगायला सुरुवात केली. शेवटी मुलगा म्हणाला, "मग परत ये ना इकडे. उगाच एकटी राहतेस तिथे."

"ते मी विचारत नाहीये, कर्टिस," ती म्हणाली. "तू फक्त ऐक."