पुसलेली दोरी

मी दोरी बोलतेय. कुत्र्याला फिरवायला नेताना हातात धरतात ना, ती चामड्याची दोरी. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा माझा सख्खा भाऊ. एकाच कातड्यातून आम्हाला कापलं, दुकानात एकाच खिळ्याला टांगलं. पण त्याच्या अंगावर पितळी पाटी बसवली आणि मला मिळाली नुसती कडी. तेव्हापासून मी त्याच्यावर जळतेय. लपवून काय करू?

आजोबांनी आम्हाला घेतलं ते पाहुण्यासाठी. दोन दिवस सांभाळायला म्हणून आलेलं पिल्लू कायमचं राहिलं, म्हणून त्याचं नाव पाहुणा. सकाळ-संध्याकाळ त्याची ओढ सोसायची मी, चिखलातून फरफटायचं मी, आणि हा आपला गळ्यात बसून मिरवणार! रस्त्यात कुणी म्हणालं, "पट्टा काय छान आहे हो," की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा नातीनं हट्ट धरला, पाहुण्याचा स्टुडिओत फोटो काढायचा. त्याला आंघोळ घातली. पट्ट्याची पाटी घासूनपुसून लखलखीत केली. माझ्यावरून एक ओलं फडकं फिरवलं, झालं.

स्टुडिओत पाहुणा स्टुलावर बसेना. दिवा चमकला की उडी मारून दाराकडे. फोटोवाल्या बाईंनी रबरी बदक वाजवलं, बिस्किट दाखवलं, छे! शेवटी आजोबा स्टुलाशेजारी उकिडवे बसले आणि मुठीभोवती माझे दोन वेढे घेऊन मला घट्ट धरलं. तेव्हा कुठे स्वारी शांत झाली. मीही ताठ झाले. माझा पहिलाच फोटो होता तो.

"दोरी दिसतेय, पण काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर पुसून टाकते."

"मग माझा हातही पुसा," आजोबा हसले. "फोटो त्याचा आहे. मी कशाला मध्ये लुडबुडू?"

बाईंनी आमच्यासमोरच मला पुसलं, कडीपासून मुठीपर्यंत. पट्टा मात्र ठेवला. वर त्याची पाटी आणखी उजळली! तो फोटो घरी लागला तोही नेमका माझ्या खुंटीसमोर. चार वर्षं मी त्या पट्ट्याचं तोंड बघत लटकले.

यंदा आजोबा गेले. नातीनं घरातले सगळे फोटो धुंडाळले. पाहुण्याचे ढीगभर, पण ते सगळे आजोबांनीच काढलेले, त्यामुळे दोघं एकत्र कुठेच नाहीत. मग तिला काहीतरी आठवलं. मला पाहुण्याच्या गळ्यात अडकवून ती थेट स्टुडिओत गेली.

"ताई, पुसलेला हात परत आणता येईल का हो?"

"अगं, पुसायच्या आधीचा फोटो आहे की माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "मूळ फोटो मी कधीच टाकत नाही."

आणि पडद्यावर मी आले, अख्खीच्या अख्खी! खरं सांगते, आधी मी स्वतःलाच बघून घेतलं. मग दिसली आजोबांची मूठ. फुगलेल्या शिरा, अंगठ्याचं तुटकं नख. नात पडद्याला बोट लावून रडत राहिली.

आता तोच फोटो भिंतीवर आहे. येणारा-जाणारा त्या हाताकडेच बघतो. माझ्याकडे नाही आणि पट्ट्याकडेही नाही. नात मला रोज फिरायला नेते. पोरी, तुझ्याकडे एकच मागणं आहे. तू एकच वेढा घेतेस, आजोबा दोन घ्यायचे. तसे दोन घेत जा.

पट्ट्यावर मी आता जळत नाही. जळते ती फोटोतल्या त्या दोरीवर. तिला अजून आजोबांनी धरलंय.