कंबरेचा पट्टा आणि अॅम्प्लिफायर

आमचा अॅम्प्लिफायर माझ्यावर डूख धरून बसलाय, असं मला वाटायला लागलं होतं. क्वांटम चिपमधून येणारी मायक्रोवेव्हची कुजबुज स्वतःची खरखर न मिसळता मोठी करायची, एवढंच त्याचं काम. अतिवाहक जोडांचा हा इवलासा तुकडा टाकीत, भयंकर थंडीत बसवलेला. प्रयोगशाळेच्या मॅडम रीडिंग घ्यायला उभ्या राहिल्या, की पडद्यावरचं सिग्नलचं शिखर जागच्या जागी. मी टाकीला टेकलो, की ते सरकलंच.

"तुझा पायगुणच वाईट," मॅडम म्हणाल्या.

तीन दिवस मी केबल बदलत बसलो. चुंबकापासून वाचवणारं आवरण घाईत बसवायचं राहिलंय, हे दोघांनाही माहीत होतं. पण खोलीत चुंबक होताच कुठे?

चौथ्या दिवशी टेबलावर वाकलो, तर एक स्क्रू येऊन माझ्या शर्टाला चिकटला.

शर्टाच्या आत आईने दिलेला पट्टा होता, कंबरदुखीवरचा, चुंबकाचा. असल्या पट्ट्यांना मी घरी सगळ्यांसमोर थोतांड म्हटलं होतं आणि केवळ तिचं मन राखायला तो बांधत होतो. मॅडम नुसत्या स्क्रूकडे बघत राहिल्या.

पट्टा काढून मी बाहेर ठेवून आलो. शिखर जागेवर बसलं ते हललंच नाही.

संध्याकाळपर्यंत माझी कंबर अशी धरली, की खुर्चीतून उठता येईना. आता आईला काय सांगायचं, तेच मला कळत नाहीये.