अर्डीलियाबाईंनी पिस्तूल कसं निवडलं

या, अलीकडे सरका. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर निम्मंच ऐकू येईल, आणि ही गोष्ट निम्मी ऐकण्यातली नाही. अलाबामातल्या एका चर्चच्या दारावर सेवा करणाऱ्या बाईंनी बहिणी-बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन पिस्तुलांतून एक कसं उचललं, ते सांगतो; मी तेव्हा त्याच गावात होतो. गोळी कुणालाही लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे जीव मुठीत धरून बसायला नको.

बाईंचं नाव अर्डीलिया पिकन्स, वय सदुसष्ट. बावीस वर्षं त्यांनी काउंटीच्या तुरुंगात बायकांच्या कोठड्यांवर पहारा केला आणि एकतीस वर्षं माउंट नेबो बॅप्टिस्ट चर्चच्या दारावर सेवा केली. पहिल्या कामातून त्या निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्यातून होण्याचा विचार नव्हता. दर रविवारी पांढरा पोशाख, पांढरे बूट, पांढरे हातमोजे. डाव्या हाताची मूठ पाठीमागे कमरेवर, उजवा हात मोकळा. कुणाला कुठल्या बाकावर बसवायचं, पंखा कुणाला द्यायचा, कुणाचं रडतं लेकरू बाहेर न्यायचं, सगळा कारभार बोटांच्या खुणांवर.

पण खरं काम पुढेच. रेव्हरंड क्लेबोर्न आधी नुसते बोलत. मग शब्द लांबू लागत, दोन शब्दांच्या मध्ये श्वासाचा ठेका पडे, ऑर्गनवाला तो ठेका उचलून त्यांच्या मागे मागे जाई, आणि बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे लागलं हे कुणाला सांगता येत नसे. आपल्याकडचे बुवा एका चरणाभोवती घुटमळत घुटमळत एकदम वरच्या सुरात शिरतात, तसंच ते. ज्यानं एकदा ऐकलं त्याला कोरडं प्रवचन पुन्हा गोड लागायचं नाही. अशा वेळी कुणावर तरी पवित्र आत्मा उतरतो, आपल्याकडे अंगात येतं तसा. माणूस उठतो, हात फेकतो, नाचतो, ओरडतो. त्याला थांबवायचं नसतं. बाकाच्या कडेवर डोकं आपटू द्यायचं नाही, एवढंच. अर्डीलियाबाई मागून जात, दोन्ही हातांचं कडं करत आणि त्या कड्यात त्या माणसाला हवं तेवढं नाचू देत.

मोझेल टगल दर रविवारी उठे. मोझेल त्यांची लहानपणची मैत्रीण, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, अंगानं भरभक्कम. काय आठवून ती उठते, हे तिनं कधी सांगितलं नाही नि बाईंनी कधी विचारलं नाही. तिला धरणं कुणा दुसऱ्याला जमत नसे. एकदा चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन हॉलिसनी धरून पाहिलं होतं. त्यांचा दात हलला.

त्या वर्षी मार्चमध्ये दोन बुधवारी बायबलच्या वर्गाच्या वेळी चर्चसमोर एक करडी गाडी येऊन थांबली. आतला माणूस उतरला नाही. त्यानं दारांचे फोटो काढले आणि निघून गेला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. काळ्यांच्या चर्चमध्ये घुसून कुणी गोळ्या झाडल्याचं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. डीकन मंडळी बसली आणि ठरलं, की यापुढे उपासनेच्या वेळी एकाच्या कमरेला पिस्तूल असावं. शस्त्राची सवय असलेलं आणि डोकं थंड असलेलं माणूस गावात एकच होतं.

"बायबलातल्या नहेम्याचे लोक आठवा, सिस्टर," डीकन हॉलिस म्हणाले. "एका हातानं भिंत बांधत होते, दुसऱ्या हातात हत्यार."

"त्यांना विटा उचलायच्या होत्या," बाई म्हणाल्या. "मोझेल उचलायची नव्हती."

पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. एकच अट घातली. "कमरेला लावायचं ते लावीन. पण माझी जागा सोडणार नाही. मोझेल उठली की मीच धरणार."

"मग तसं पिस्तूल शोधा," डीकन म्हणाले, "ज्यात दोन्ही जमेल."

शनिवारी सकाळी बाई मोझेलला घेऊन गावाबाहेरच्या नेमबाजीच्या दुकानात गेल्या. तिथे पिस्तूल भाड्यानं घेऊन झाडून बघता येतं, मग विकत घ्यायचं. काउंटरमागे वेंडेल नावाचा उंच, लालसर मानेचा गोरा माणूस होता. गालात तंबाखू, हातात थुंकायला कागदी कप. त्यानं बाईंचे हात पाहिले, सांधे पाहिले आणि कपाटातून दोन पिस्तुलं काढून काचेवर ठेवली. दोन्ही काळी, दोन्ही तळव्याहून जेमतेम मोठी, दोन्हींत एकाच जातीची काडतुसं.

"मॅडम, दोन्ही उत्तम. डोळे मिटून कुठलंही घ्या."

"डोळे मिटून काही घेऊ नकोस बाई," मोझेल म्हणाली. "बायबलातल्या याकोबानं तेच केलं. रात्री धाकटी बहीण राहेल समजून घरात घेतली आणि सकाळी बघतो तर थोरली, लेआ!"

वेंडेल हसला. त्यालाही लहानपणी चर्चमधली रविवारची शाळा झालेली होती. त्या क्षणापासून पातळ, देखणं होतं ते राहेल झालं, आणि जरा जाड, मागे अंगठ्याजवळ खटका असलेलं ते लेआ. खटका वर सरकवला की चाप कितीही ओढा, लेआ गप्प. राहेलला तसला खटका नव्हता. चापावर बोट गेलं की गेलंच.

बाईंनी दोन्ही रिकामी आहेत का ते पाहिलं. वेंडेलनं आधीच दोनदा पाहिलं होतं. तरी पाहिलं. तुरुंगाची सवय.

"कागद किती लांब लावू?" वेंडेलनं विचारलं. "सगळे सात यार्डांवर लावतात."

"आमच्या दारापासून व्यासपीठापर्यंत माझी चोवीस पावलं आहेत. तेवढ्यावर लाव."

"एवढ्या लांबून या पिस्तुलानं कुणी मारत नाही, मॅडम."

"मग घेऊन काय करू? त्याला जवळ बोलावू?"

कागदी माणूस चोवीस पावलांवर जाऊन लटकला. बाईंनी कानांवर झाकणं चढवली आणि आधी राहेल घेतलं. मूठ बारीक. हाताला बेतून शिवल्यासारखी बसली. त्यांनी सावकाश दहा गोळ्या झाडल्या. प्रत्येकीला मनगटाला कडक झटका बसला, पण नळीच्या टोकावरची नेमाची माशी पुन्हा जागेवर येऊन बसत होती. कागद जवळ आला तेव्हा दहाही भोकं छातीवर होती, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत.

"अरे देवा," वेंडेल कपात थुंकायचं विसरला. "मॅडम, तुमच्याशी भांडायचं नाही."

"तिच्याशी कुणीच भांडत नाही," मोझेल म्हणाली. "म्हणून तर नवरा पंचाहत्तराव्या वर्षी सुखानं मेला."

मग लेआ. धक्का सौम्य, वरची सरकती पट्टी ओढायला हलकी, दुखऱ्या सांध्यांना बरी. पण मूठ जाड होती आणि चाप लांब. तो पूर्ण मागे यायच्या आत बाईंचं बोट थकून थरथरे आणि माशी बाजूला घसरे. दहातल्या सात कागदी माणसाला लागल्या. तीन नाही.

बाईंनी कागदावरची भोकं बोटानं मोजली.

"सात म्हणजे चांगलंच आहे," वेंडेल म्हणाला. "सरावानं सुधारेल."

"ह्या तीन कुठे गेल्या?"

"मागे मातीचा बांध आहे ना. त्यात."

"आमच्याकडे मागे बांध नाही," बाई म्हणाल्या. "गाणारी मंडळी बसतात."

वेंडेलनं कागद गुंडाळला.

बाईंनी पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले. दोन्ही पिस्तुलं पुन्हा रिकामी केली, पुन्हा पाहिली, काडतुसं वेंडेलकडे पलीकडच्या काउंटरवर ठेवायला दिली. मग उजव्या कमरेला त्याच्याकडचं होल्स्टर लावून राहेल त्यात सरकवलं आणि वर आपला लांब कोट ओढला.

"मोझेल, ऊठ."

"उठलेलीच आहे."

"तशी नाही. रविवारसारखी."

"इथे?" मोझेलनं भिंतीवरची हरणांची मुंडकी पाहिली, बंदुका पाहिल्या, वेंडेलला पाहिलं. "अगं, आत्मा काय पिझ्झा आहे? फोन केला की आला?"

"आत्मा नको. नुसते हातपाय झाड."

मोझेल आधी लाजली. मग डोळे मिटून तिनं घशातल्या घशात रेव्हरंड क्लेबोर्नांचा ठेका धरला, "हो... आणि तो म्हणाला... हो...", आणि तिसऱ्या श्वासाला तिचे हात सुटले. बाईंनी मागून कडं केलं. दोघी दुकानाच्या मध्ये गोल फिरल्या. काडतुसांच्या खोक्यांची एक रास हलली. वेंडेल मिशी चावत भिंतीला चिकटला. आणि मग मोझेलचा उजवा हात, जसा दर रविवारी काहीतरी घट्ट धरायला शोधतो तसा खाली आला, कोटाच्या आत शिरला आणि मुठीत जे सापडलं ते धरून तिनं वर ओढलं. होल्स्टर घट्ट होतं, तरी राहेल अर्धं बाहेर आलं.

तिघंही थांबले.

"रिकामं आहे," वेंडेल म्हणाला.

"आज," बाई म्हणाल्या.

मग तेच सगळं लेआ लावून झालं. मोझेलचा हात पुन्हा तिथेच गेला. यावेळी तर पिस्तूल सगळंच बाहेर निघालं आणि मोझेलचं बोट चापावर गेलं. चाप हलला नाही. खटका वर होता.

"हेच!" मोझेल धापा टाकत खुर्चीत बसली. "हेच घे. संपलं."

"दहातल्या तीन, मोझेल."

"तुला कधी गोळी झाडावी लागणार आहे, बाई? तो करड्या गाडीवाला आला नि गेला. तो परत येईल की नाही, देव जाणे. मी मात्र दर रविवारी येणार!"

त्यात चूक काहीच नव्हती. बाई मोजे काढू लागल्या, एकेक बोट ओढत.

"झाडायचंच नसेल तर पिस्तूल कशाला, काठी पुरे," त्या म्हणाल्या. "आणि झाडायचं असेल तर मागे गाणारी मंडळी आहेत. सिस्टर लुवेनिया पहिल्याच रांगेत बसते. तिला जाऊन काय सांगू, की मला माझ्या मैत्रिणीला मिठी मारायची होती, म्हणून गोळी जरा बाजूला गेली?"

मोझेलनं रुमालानं मान पुसली. "मग राहेल घे, आणि मला धरताना जरा लांबून धर."

"लांबून धरता येत नाही."

"मग?"

बाईंनी राहेल उचलून वेंडेलपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बांधून दे."

मोझेलला मग कळलं. तिनं पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "म्हणजे मला कोण धरणार?" तिनं विचारलं. ती भांडत नव्हती. नुसतं विचारत होती.

"बर्नीस."

"शाळेची बस चालवते ती? अगं, ती मला पट्टा बांधून बसवेल!"

त्या आठवड्यात बाईंनी बर्नीसला चर्चच्या तळघरात नेऊन तीन संध्याकाळी शिकवलं. समोरून जायचं नाही. मनगट धरायचं नाही, कडं आपल्या हातांचं बंद करायचं, माणूस आवळायचा नाही. मोझेल पुढे गेली की आपण पुढे, ती मागे आली की आपण मागे. आणि घाई करायची नाही. धरायचं ते ती दमेपर्यंत नाही, तिचं नाचणं आपोआप पुरं होईपर्यंत. बर्नीसनं सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहून घेतलं. बाईंना वही आवडली नाही, पण त्या बोलल्या नाहीत. डीकन हॉलिसना त्यांनी सांगितलं, की आपण यापुढे आतल्या दारावर नसू, बाहेरच्या दारावर असू. आतल्या खोलीत पाऊल टाकणार नाही. हातमोजेही घालणार नाही, सुती मोज्यातलं बोट चापावरून घसरतं. डीकन म्हणाले, "सिस्टर, तिथून प्रवचन दिसत नाही." बाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे तिथून काय दिसतं."

तिथून गाड्या दिसत होत्या. काचेच्या दारापलीकडे पेकानचं झाड, त्याखाली रेव्हरंडांची जुनी गाडी, रस्ता, रस्त्यापलीकडे बंद पडलेला कापसाचा कारखाना. त्या रविवारी अर्डीलियाबाई तिथे उभ्या राहिल्या. पांढरा पोशाख, वर लांब कोट, पाठ व्यासपीठाकडे.

रेव्हरंड बोलत होते. मग शब्द लांबले. बाईंना पाठीनं कळलं. श्वासाचा ठेका पडला, ऑर्गन हळूच मागून आला, सूर एक पायरी चढला, मग आणखी एक. एकतीस वर्षांत प्रवचनाच्या या टप्प्यावर त्यांचे पाय कधी स्थिर राहिले नव्हते. रस्त्यावरून एक लाल ट्रक गेला. त्यांनी तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग मोझेलचा आवाज उठला. टाचा वाजल्या. एक बाक करकरला. बाईंचे दोन्ही हात कोपरांपासून किंचित उचलले गेले. त्यांनी ते पाहिले आणि खाली घेतले. मागे वळून पाहिलं नाही. मागे नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, किंवा नेहमीएवढाच लागला असेल. पाठ करून उभं राहिल्यावर वेळेचा अंदाज येत नाही.

उपासना सुटली. लोक बाहेर आले. मोझेल सगळ्यांत शेवटी आली, टोपी वाकडी, चेहरा धुऊन निघाल्यासारखा.

"कसं झालं?" बाईंनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

"गिअर बदलल्यासारखं धरते मेली," मोझेल म्हणाली. "पण पडू दिलं नाही."

"शिकेल."

"शिकेल," मोझेल म्हणाली, आणि सवयीनं दोन्ही हात पसरून पुढे आली. बाईंनी पिस्तुलाची उजवी बाजू मागे घेतली आणि डावा हात पुढे केला. मोझेलनं तो दोन्ही हातांत घेतला. जरा वेळ धरला. मग जेवणं खोळंबतात म्हणून ती तळघराकडे गेली. तिथे कोंबडी आणि मक्याची भाकरी मांडलेली होती. गाड्या निघून जाईपर्यंत बाई दारातच राहिल्या.

तो करड्या गाडीवाला परत आला की नाही, ते मला ठाऊक नाही. मी त्यानंतर ते गाव सोडलं.

एवढीच विनंती आहे. कीर्तनाला बसाल, बुवांचा सूर लागेल, शेजारच्याच्या डोळ्यांतून पाणी येईल, तुमचीही मान डोलेल. तेव्हा देवाकडे पाठ करून आणि रस्त्याकडे तोंड करून कुणीतरी उभं असतं, ज्याला हे सगळं नुसतं पाठीनं ऐकावं लागतं. नाव घ्यायचं झालं तर अर्डीलिया पिकन्स घ्या. तिची आठवण ठेवा.