उरलेल्या तीनशेंचा श्वास

तळघरातल्या त्या सभागृहाला एकही खिडकी नव्हती आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाचशे माणसं खेटून बसली होती. उदबत्त्यांच्या धुरात माना लुळ्या पडत होत्या, कपाळं ठणकत होती.

"जड वाटतंय?" व्यासपीठावरून श्वासमहाराजांनी विचारलं. "ते पाप आहे! वर येऊ द्या त्याला, म्हणजे उडवता येतं."

मग त्यांचा हात सावकाश वर गेला आणि काय नवल! थंडगार, सुगंधी झुळूक सगळ्यांच्या अंगावरून फिरली. माणसं हुंदके देत ताठ बसली. महाराजांनी भिंतीवर काचेत मढवलेल्या धातूच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"ही आपल्या हवायंत्राची पट्टी. कंपनीनंच लिहिलंय, दोनशे माणसांपुरती हवा. तुम्ही बसलात पाचशे. मग उरलेल्या तीनशेंचा श्वास पुरवतं कोण?"

"महाराज!" सभागृह दुमदुमलं. झुळूक थांबली, आणि दुसरी बैठक सुरू झाली.

शेवटच्या रांगेतल्या इंजिनिअरनं कपाळावर हात मारून घेतला. इमारतींमधली अशी यंत्रं तपासणं हा त्याचा रोजचा धंदा. फिल्टर स्वच्छ असेल आणि बाहेरची हवा घेणारी झडप उघडी असेल, तरच पट्टीवरचा आकडा खरा; नाहीतर तो नुसता शोभेचा. पण तो वाद घालायला आलाच नव्हता. तो बहिणीला न्यायला आला होता.

ताईला लहानपणापासून दमा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं. आणि आता महाराजांच्या शब्दाखातर तिनं दम्याचा पंप सोडून दिला होता. दाराशी एक मोठी काचेची बरणी ठेवली होती. अशा सोडलेल्या पंपांनी ती गळ्यापर्यंत भरली होती.

"ताई, ऊठ. छातीतून शिट्टी ऐकू येतेय तुझ्या."

"पाप निघतंय रे, बाळ्या."

"मी नवा पंप आणलाय. एकदाच घे, माझ्यासाठी."

तिनं त्याचा हात हळूच बाजूला सारला. "आयुष्यभर मोजूनमापून श्वास घेतला मी. इथं एकदा तरी पोटभर मिळतो. तो हात वर झाल्याशिवाय मी उठायची नाही."

तिचा हट्ट त्याला पुरता ठाऊक होता. ओढलं असतं तर ती ओरडली असती आणि उरलासुरला दमही संपला असता. हवा आली तर ही उठेल, एवढाच विचार करून तो जिन्यानं वरच्या यंत्राच्या खोलीकडे धावला.

खोलीत एक शिष्य स्टुलावर डुलक्या काढत होता. शेजारी अत्तराची बाटली. फिल्टरवर बोटभर धूळ. आणि बाहेरची हवा घेणारी झडप घट्ट बंद.

"ही बंद का?"

"महाराजांचा हुकूम. ते पायानं बटण दाबतात, इथं दिवा लागतो. मग मी अत्तर शिंपडतो आणि झडप उघडतो."

"मग आत्ता उघड!"

"दिवा कुठं लागलाय अजून?"

इंजिनिअरनं त्याला बाजूला ढकललं आणि दांडा ओढला.

खाली महाराज प्रवचनाच्या ऐन भरात होते. झुळूक आली तेव्हा त्यांचा हात मांडीवरच होता. ते गडबडले, घाईघाईनं हात वर केला, तोही डावा. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

तो धापा टाकत परत आला. ताई खांबाला टेकून बसली होती, भोवती माणसं हात जोडून उभी होती. "समाधी लागली बाईंना," एक जण कुजबुजला. तिचे ओठ निळे पडले होते. त्यानं पंप तिच्या तोंडाला लावून दाबला. औषध ओठांवरच राहिलं. आत ओढायला श्वासच उरला नव्हता. त्यानं तिला आडवं केलं, तोंडानं हवा भरली, छाती दाबत राहिला, हाका मारत राहिला. गर्दीतून एक डॉक्टरीणबाई पुढं आल्या, गुडघे टेकून बसल्या, बराच वेळ झटल्या. मग त्यांनी त्याचे हात धरून थांबवले. तो लहान मुलासारखा ढसाढसा रडला.

"शोक करू नका," महाराज व्यासपीठावरून म्हणाले. "ती मुक्त झाली."

तेव्हा तो उठला. रडतरडतच त्यानं झडप, बटण, दिवा, अत्तर सगळं सांगितलं. चार माणसं यंत्राच्या खोलीत जाऊन शिष्याला घेऊन आली. शिष्यानं मान खाली घालून होकार दिला. महाराज मागच्या दारानं कधी सटकले, ते कोणालाच कळलं नाही.

एक म्हातारी चाचरत म्हणाली, "पण बाळा, आम्हाला खरंच बरं वाटायचं. ते काय खोटं होतं?"

"बरं वाटायचं ते खरंच होतं, आजी. पण आधी बिघडवलं कोणी, ते आपण विचारलं नाही. कोंडलेल्या माणसाला दार उघडलं की बरं वाटणारच. तुम्हाला मिळायची ती रस्त्यावरची साधी हवा होती. जो आधी गुदमरवतो आणि मग श्वास देतो, त्याच्या पाया पडू नका. औषध सोडायला सांगेल त्याला, का म्हणून विचारा. माझ्या ताईनं विचारलं असतं तर..."

डॉक्टरीणबाईंनी जाऊन सगळी दारं उघडली. त्यानं ताईला उचललं, आणि तिला हवी होती तेवढी सगळी हवा असलेल्या रस्त्यावर तो तिला घेऊन आला.