औषधाच्या टेबलापाशी एक तास

मी तापट आहे, वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षं नर्स, त्यातली सहा इनचार्ज. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दर शनिवारी सेंदाई शहरात जाऊन शिकते काय, तर माणसाच्या हातून चूक का होते! नवरा म्हणाला, "तुला कशाला क्लास? रोज चुकाच तर काढतेस सगळ्यांच्या." मेल्याला हसू आवरेना.

त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या नागाकुरा नर्सने एकाचं सलाईन दुसऱ्यालाच लावायला घेतलं. पेशंटने बाटलीवरचं नाव वाचलं म्हणून निभावलं. तिने अहवालात लिहिलं, "माझा निष्काळजीपणा. यापुढे लक्ष देईन." सोबत राजीनामा. आमच्याकडे सगळेच असं लिहितात आणि मी मुकाट शिक्का मारते.

वर्गात तो अहवाल वाचला. मुराओका सर म्हणाले, "कुझुमीबाई, ही माफी झाली. कारण कुठाय? ती उभी होती तिथे तासभर उभ्या राहा. कामात किती वेळा अडथळा येतो, मोजा."

राग आला, पण सोमवारी पेन्सिल घेऊन उभी राहिले. औषधाच्या टेबलाशी ओगावारा, आमची दुसरी नर्स, बाटलीवर बोट ठेवून नाव मोठ्याने वाचत होती. तासाभरात अकरा रेघा झाल्या. त्यातल्या सात माझ्याच हाकांच्या! सवयच ना. "अगं, सात नंबरच्या पेशंटचा ताप बघितलास का?" म्हटलं की ती बोट काढून वळायची, "हो सिस्टर!" म्हणत अदबीने कमरेत वाकायची. परत फिरल्यावर बोट भलत्याच बाटलीवर.

मग आठवलं. त्या दिवशी नागाकुराला हाक मारली होती, तीही मीच.

तिला चादरींच्या खोलीत गाठलं. "हाक मी मारली होती. लिही तसं."

"तुमचं नाव कसं लिहू, सिस्टर?"

"पेनाने! आणि तो राजीनामा घे परत."

ती रडत रडत लिहीत होती, आणि मलाही रडू येत होतं. माझ्यापायी एका चांगल्या पोरीची नोकरी गेली असती.

नियम केला: बाटलीवर बोट असताना कुणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याच दिवशी मी विसरले. "नागाकुरा!" तिचे कान लाल झाले, पण मान वळली नाही. बोट तिथेच. नाव पूर्ण वाचलं, बाटली ठेवली, मग वळली.

"बोला, सिस्टर."

काय विचारायचं होतं, विसरूनच गेले. मीच कमरेत वाकले आणि म्हणाले, "उपकार झाले गं."