सरावाचं दार

“स्क्रू फिरवायचा असतो डॉक्टर, दाबायचा नसतो. दात का उपटताय त्याचा?”

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पेचकस खाली घेतला आणि बाहीनं कपाळ पुसलं. “काका, हा पेचकसच बोथट झालाय.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” सुतारकाका म्हणाले. “याच पेचकसावर गेल्या वर्षीची अख्खी तुकडी शिकून गेली. काढा ती बिजागरी. पुन्हा लावा.”

चर्चच्या सभागृहातल्या खुर्च्या भिंतीकडेला सारून ठेवल्या होत्या आणि मधोमध एक दार उभं होतं. नुसतं दार. त्याला ना भिंत, ना घर. दोन जाड पायांवर काकांनी चौकट उभी केली होती. त्या चौकटीत दार बसवायचं, उघडमीट करून पाहायचं आणि संध्याकाळी उतरवून ठेवायचं, असा तिथला अभ्यास होता. किनाऱ्यावरच्या एका गावाला दोन-तीन वर्षांआड पुराचा तडाखा बसायचा. तिथली मोडलेली घरं उभी करायला इथून दरवर्षी स्वयंसेवकांची तुकडी जायची. तिकडचं चर्च त्यांना उतरवून घ्यायचं, जेवूखाऊ घालायचं आणि कामाची घरं नेमून द्यायचं. जाणाऱ्यांमध्ये सुतार-गवंडी कधी नसायचेच. मास्तर असायचे, शिंपी असायचे, एका वर्षी तर तिघे गाणारेच निघाले होते आणि त्यांतल्या एकाला अंगठा म्हणजे खिळा वाटायचा. म्हणून निघण्याआधी सहा शनिवार काका सगळ्यांना कामाला जुंपत.

हे सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती. दार तेच होतं. तिकडच्या घरांच्या मापाचं, जाड फळ्यांचं, काकांनी स्वतः केलेलं. बिजागऱ्यांच्या जागी भोकांची चाळण झाली की काका त्यांत लाकडाच्या खुंट्या ठोकायचे, घासून जागा सपाट करायचे आणि दार पुढच्या शिकाऊंच्या हवाली करायचे. आता तिथं मूळ लाकूड किती आणि खुंट्या किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

स्वतः काका मात्र एकदाही गेले नव्हते. आधी कारखान्यातून रजा मिळायची नाही. मग आई अंथरुणाला खिळली. ती गेली आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. यंदा काहीच आलं नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी यादीत पहिलं नाव काकांचं होतं, पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. काकांनी महिनाभर आधीच पटाश्यांना धार लावून पेटी भरून ठेवली होती.

मनातलं ते काकूंजवळ एकदाच बोलले होते, तेही शेंगा सोलताना. “जन्मभर कारखान्यात शाळेची बाकं केली. आणि चर्चमध्ये दार बसवलं हजार वेळा, पण सगळं संध्याकाळी काढायला. एक तरी दार असं बसवायचंय बघ, जे काढावं लागणार नाही.”

“मग जा की,” काकू म्हणाल्या. “मी काय आडवी पडलेय?”

त्या दिवशी काका किती खूश होते, ते त्यांनी सोललेल्या शेंगांवरून कळत होतं. दाणे सालांत आणि सालं दाण्यांत.

आजचा शनिवार शेवटचा, म्हणजे परीक्षेचा. परीक्षा दोनच. पहिली दाराची. दार बसवून झालं की ते उतरवायचं, आणि रिकाम्या चौकटीपुढे एकेकानं उभं राहायचं. पलीकडे खुर्चीत काकू घरमालकीण होऊन बसायच्या.

“आत येऊ का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि लगेच पाय आत टाकला.

“मागं व्हा,” काका म्हणाले. “त्या कुठं काय बोलल्यात अजून?”

“पण काका, इथं दारच नाहीये.”

“तिथंही नसणारे. म्हणून तर विचारायचं. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागला तरी.”

या नियमामागे एक चूक होती. पहिल्या वर्षीची तुकडी मोठ्या हौसेनं गेली होती. पुरानं एका म्हातारीच्या घराचं दार वाहून गेलं होतं. दार नाही म्हटल्यावर मंडळी थेट आत शिरली आणि दुपारपर्यंत घर लख्ख केलं. भिजलेलं, कुजलेलं, मोडकंतोडकं सगळं बाहेर. म्हातारी तेवढा वेळ रस्त्यावर उभी होती. तिनं कुणाला दोष दिला नाही. तिकडच्या पाळकांना नंतर एवढंच म्हणाली, “पोरं गुणी आहेत. पण माझं घर होतं, विचारायला हवं होतं.” तुकडी परत आल्यावर हे ऐकून काकांना दोन दिवस जेवण गेलं नाही. हातोडा कसा धरायचा ते आपण शिकवलं, हे शिकवायचं राहिलं, चूक आपली, असं त्यांनी मनाला लावून घेतलं आणि कानाला खडा लावला.

काकू घरमालकीण म्हणून फारच कजाग होत्या. डॉक्टरीणबाईंना त्यांनी पुरी तीन मिनिटं ताटकळत ठेवलं आणि मग म्हणाल्या, “ये बाई. दवाखान्यात तू आम्हाला याहून जास्त बसवतेस.” सभागृह हसलं.

दुसरी परीक्षा शिडीची. पुराच्या धास्तीनं तिकडे आता घरं पुरुषभर उंच खांबांवर बांधत होते आणि जिने सगळ्यात शेवटी व्हायचे. तोवर जे काही करायचं ते शिडीनं वर जाऊन. म्हणून काकांचा नियम असा होता, की एका हातात पाण्यानं भरलेली बादली घेऊन सात पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. जो मध्ये डगमगला त्याचं जाणं रद्द. त्यात मामा-मावशीचं नातं चालायचं नाही.

सकाळीच पैलवान यात गळाले होते. पैलवान म्हणजे पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला गडी, दंड एखाद्याच्या मांडीएवढे. पाचव्या पायरीवर त्यांचे पाय लटपटले आणि बादली खाली आली. काकांनी त्यांच्या नावावर रेघ मारली. पैलवान जरा वेळ खिडकीपाशी उभे राहिले, मग स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकून आले.

“झाले सगळे,” पाळकसाहेब यादी बघत म्हणाले. “आणि एक वाईट बातमी. तिकडून फोन होता. खिडक्या पोचल्या, दारं पोचली, पण एक दार कमी पडतंय. महिनाभर तरी यायचं नाही म्हणे. शेवटच्या घराला आपण ताडपत्री लावून येऊ.”

“बघू तिथं गेल्यावर,” काका म्हणाले. “माझी शिडी राहिलीय.”

“तुमची कसली परीक्षा काका?”

“नियम म्हणजे नियम.”

काकांनी बादली भरून घेतली. डॉक्टरीणबाईंनी शिडी धरली. चार पायऱ्या काका सरसर चढले. पाचवीवर सभागृह त्यांच्याभोवती हळूच फिरलं. महिन्याभरात असं दोन-तीनदा झालं होतं, एकदा अंघोळीनंतर, एकदा रस्त्यात. वय झालं की व्हायचंच, असं म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्यांनी शिडीला मिठी मारली, डोळे मिटले, श्वास घेतला. मग उरलेल्या दोन पायऱ्या चढून ते खाली आले. पाणी सांडलं नव्हतं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी नावापुढे खूण केली. शिडी धरणाऱ्या डॉक्टरीणबाई तेवढ्या टाळ्या वाजवायच्या राहिल्या.

सगळे पांगल्यावर काका कप विसळायला स्वयंपाकघरात गेले. तिथं पैलवान आधीच बाह्या सरसावून उभे होते.

“राग आला असेल ना माझा?” काकांनी विचारलं.

“आला होता. चहा उकळेपर्यंत होता,” पैलवान म्हणाले. “पण तुमचं बरोबर आहे. मी वरून पडलो असतो तर पोरं घर बांधायचं सोडून मलाच उचलत बसली असती. आणि मी काय एकट्यानं उचलला जातोय?”

काका हसले. पण हातातला एकच कप ते बराच वेळ विसळत राहिले.

बाहेर डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. “काका, मी दातांची डॉक्टर आहे, तरी तोंड पांढरं पडलेलं मला कळतं. मी कुणाला बोलणार नाही. पण तुम्ही दाखवून घ्या कुणाला तरी.”

“घेतो,” काका म्हणाले.

घरी आल्यावर काकूंनी ताट वाढलं. काका नुसतेच बसून राहिले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, अंघोळीनंतरचं, रस्त्यातलं आणि पाचव्या पायरीवरचं.

काकूंनी आधी धीर वगैरे दिला नाही. त्या चिडल्या. “महिनाभर लपवलंत? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.” मग त्यांनी काकांच्या ताटात थोडी भाजी वाढली. “आता काय करणार?”

“पैलवानाच्या नावावर रेघ मारताना माझा हात थरथरला नव्हता,” काका म्हणाले. “मग माझ्या नावावर मारताना का थरथरावा?”

वाईट त्यांना वाटलंच. त्या दिवशी दुपारी ते अंगणात हत्यारांची पेटी उघडून बसले, एकेक पटाशी हातात घेतली, पुसली आणि परत ठेवली. अकरा वर्षं थांबलो, आणि आता थांबण्यासारखी वर्षंही हातात नाहीत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. काकूंनी त्यांना एकटं बसू दिलं. तासाभरानं ते उठले तेव्हा मात्र त्यांच्या चालण्यात घाई होती. टोपी घालून ते तडक चर्चमध्ये गेले.

पाळकसाहेब आपल्या खोलीत उद्याच्या प्रवचनाची टिपणं काढत होते. काकांनी यादी मागून घेतली, पहिल्या नावावर सरळ रेघ ओढली आणि कारण सांगितलं. पाळकसाहेब काही बोलणार तेवढ्यात काका म्हणाले, “माझ्या जागी दार न्या.”

“कुठलं दार?”

“सरावाचं. माप तिथलंच आहे. दिसायला रूप नाही त्याला, भोकं बुजवून बुजवून तोंडावर देवी आल्यासारखं झालंय. पण वाळलेलं लाकूड आहे, अकरा वर्षांत तसूभर वाकलं नाही. शेवटच्या घराला ताडपत्री कशाला?”

“आणि बसवणार कोण काका? तुम्ही तर येत नाही.”

“डॉक्टर बसवतील.”

“त्या?” पाळकसाहेबांचा पेन थांबला. “काल-परवापर्यंत त्या बिजागरी उलटी लावत होत्या.”

“तेवढ्यासाठीच. ज्याचं चुकून झालंय ना, तो पुन्हा चुकत नाही.”

निघायच्या सकाळी चर्चसमोर बस उभी राहिली. दार गोधडीत गुंडाळून टपावर चढवलं. पैलवान खालून हुकूम सोडत होते, गाठ कुठं मारायची ते बस चालवणाऱ्यालाच शिकवत होते. काकांनी हत्यारांची पेटी डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली.

“पेटी परत आणा,” ते म्हणाले. “दार नाही.”

बस वळणाआड गेल्यावर आपल्याला भरून येईल, असं काकांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट अंग हलकं वाटलं. काकू त्यांना तिथूनच मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्तदाब फार खाली जातो, असं निघालं. गोळ्या मिळाल्या, शिडीला बंदी झाली आणि मीठ खायची मोकळीक मिळाली. या शेवटच्या गोष्टीवर काका बेहद्द खूश झाले.

नवव्या दिवशी दुपारी काका सभागृहात नव्या दाराच्या फळ्यांना रंधा मारत होते. पुढच्या वर्षीच्या मंडळींना भोकं पाडायला काहीतरी हवंच. मधोमध रिकामी चौकट उभी होती. खिशातला फोन वाजला.

“काका, मी बोलतेय,” डॉक्टरीणबाईंचा आवाज दमलेला होता आणि हसत होता. “दार बसलं. तीनदा काढावं लागलं, चौथ्यांदा बसलं. बोटानं ढकललं तरी मिटतंय.”

“आता काढू नका,” काका म्हणाले.

“नाही काढत. इथल्या आजी विचारत होत्या, एवढी भोकं कसली म्हणून. मी सांगितलं, जेवढे लोक तुमच्या गावात घरं बांधून गेले, ते सगळे या दारावर शिकलेत. त्या मघापासून दार लावतायत आणि उघडतायत. आम्ही सगळे बाहेर जिन्यावरच उभे आहोत काका. आत येऊ का म्हणून विचारलंय, अजून काही बोलल्या नाहीत.”

“थांबा मग,” काका म्हणाले.

फोन बंद करून त्यांनी तो खिशात ठेवला. रंधा उचलला, पुन्हा खाली ठेवला. लाकडाचा भुसा हातांवर होता, तो झटकून त्यांनी डोळे पुसले आणि भुसा डोळ्यांत गेला.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. सभागृह एवढं मोठं, चौकटीच्या डावीकडून, उजवीकडून, कुठूनही येता आलं असतं. पण त्यांनी काकांच्या पाठीकडे पाहिलं आणि दोन कप हातात धरून त्या रिकाम्या चौकटीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं.

काकांना लगेच बोलता येईना. चहा निवत होता. काकू थांबल्या.